मृगाच्या आधी छप्पर

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त मंडळ अधिकारी बाईंची उत्तरं

या वेळच्या टपालात गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एकाच गावातून आणि एकाच आगीबद्दल पाच पत्रं निघाली. जंगलाला लागून असलेल्या टोलीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, चैत्रात वणवा आला आणि तीन घरं गेली. पत्रं वेगवेगळ्या माणसांची आहेत, एकमेकांना न सांगता लिहिलेली. गावाचं नाव मी गाळलंय. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, या वेळी जागा यांनाच.

प्रश्न : बाई, माझी थोरली बहीण त्या टोलीवर दिली आहे. मी नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला असतो. गेल्या महिन्यात भर दुपारी जंगलातली आग वाऱ्याने सांदवाडीतल्या (परसातल्या) तणसाच्या ढिगावर आली आणि बघता बघता घर गेलं. माणसं वावरात होती म्हणून वाचली. बैलजोडी चरायला गेली होती, पण दुभती गाय दावणीलाच गेली. बहीण, भाटवे, दोन पोरं आणि भाटव्यांची आई सध्या जिल्हा परिषदेच्या शाळेत राहतात. आम्ही कंपनीतल्या लोकांनी कपडे गोळा केले, वीसेक चुंगड्या झाल्या. रविवारी पिकअप न्यायचा विचार आहे. पण बहीण म्हणते, कपडे नको आणू. मग काय आणू विचारलं की रडते. भाटवे तर फोनवरच येत नाहीत. आम्ही काय न्यावं?

उत्तर : दादा, बहीण बरोबर सांगते आहे. ज्या घरात पेटी उरली नाही, खुंटी उरली नाही, तिथे वीस चुंगड्या कपडे ठेवायचे कुठे? आग लागली की दोन-तीन दिवसांत तालुक्यातून कपडे येतातच. मी नोकरीत असताना असे ढीग पुष्कळ पाहिलेत. लग्नातला कोट, चमकीचे फ्रॉक, एकेकटे मोजे, आणि जिचं घर जळालं ती बाई नेसत्या लुगड्यावर, कारण तिच्या अंगाला येईल असं झंपर त्या ढिगात एकही नाही. चुंगड्या नागपुरातच गरजूंना देऊन टाका. बहिणीसाठी एक कोरं लुगडं, झंपराचं कापड आणि आतले कपडे तुमच्या बायकोच्या हाती पाठवा. माहेरचं म्हणून ती ते घेईल. म्हातारीचा चष्मा आणि रोजच्या गोळ्या गेल्या असतील, त्या आधी विचारा. ते मागायला माणसाला लाज वाटते.

पिकअप मात्र जरूर न्या. त्यात तणस भरा.

तुम्ही लिहिलंय की आग तणसाच्या ढिगाला लागली. म्हणजे बैलांचं वर्षभराचं वैरण गेलं. बैल वाचले, पण खाणार काय? वैशाखात रानात काडी नसते, आणि वणव्याने तर जे होतं तेही गेलं. अशा वेळी शेतकरी आठ-पंधरा दिवस इकडून तिकडून पेंढ्या मागतो, मग एका बाजाराच्या दिवशी बैल घेऊन निघतो आणि येईल त्या भावाला देऊन येतो. बैल गेले की धानाचे पऱ्हे (रोपं) टाकायच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याच्या दारात उभं राहायचं, आणि त्याला द्यायला पैसे नाहीत. घर जळाल्यावर खरीप असा जातो, आणि त्याचा पंचनामा कोणी करत नाही. नागपूरहून येताना लाखनी, साकोली, कुठल्याही धानाच्या गावात थांबलात तर तणस मिळेल. वर ताडपत्री घट्ट बांधा. ती ताडपत्री परत आणू नका, तिथेच लागेल.

धान्याचं विचारा. ढोलीतला धान वरून काळा आणि आत बरा दिसतो, म्हणून बायका तो वाया जाऊ देत नाहीत. नुसता धूर लागला असेल तर एक वेळ समजू शकते. पण बहुतेक घरांत फवारणीच्या औषधाची बाटली आणि युरियाची चुंगडी त्याच खोलीत असते. बाटली फुटून जळाली असेल तर ते धान्य माणसालाही नको, कोंबडीलाही नको. गॅसचं सिलिंडर आगीत सापडलं असेल तर वरून ठीक दिसलं तरी वापरू नका, एजन्सीला कळवून परत द्या. राखेत हात घालण्याआधी पाणी शिंपडा, तोंडाला दुपट्टा बांधा. सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर त्यांचा भुगा झाडूने झाडू नका, ओला करून उचला. तो फुफ्फुसात गेलेला चांगला नाही.

विळे, कुदळ, कुऱ्हाडीची पाती राखेत सापडतील. भंगारवाला लगेच येतो आणि किलोवर घेऊन जातो. त्याला देऊ नका. आगीत पोलाद नरम पडतं, धार टिकत नाही, पण लोहाराने पुन्हा तापवून पाणी पाजलं की पातं कामाचं होतं. नवा दांडा बसवला की झालं. दुसऱ्याच्या विळ्याने धान कापणाऱ्या माणसाचा हात कसा चालतो, ते ज्याने कापलंय त्यालाच विचारा.

आता कागद. यात माझी हयात गेली, म्हणून जरा लांबण लावते.

घराच्या मदतीचं दार तहसीलचं आहे. वाघाने बैल मारला तर वनविभाग भरपाई देतो, म्हणून लोक वणव्याच्या वेळीही वनरक्षकाच्या मागे फिरतात आणि दिवस घालवतात. आग ही आपत्ती धरली जाते आणि तिचा पंचनामा तलाठी करतो. (आता त्यांच्या पाटीवर ग्राम महसूल अधिकारी लिहिलंय, पण टोलीवर तलाठी असंच विचारा, नाहीतर कोणी घर दाखवणार नाही.) पंचनामा झाला असेलच. त्याची प्रत मागा आणि तुम्ही स्वतः वाचा. बहिणीने डोळ्यात पाणी असताना सही केली असेल, वाचलं नसेल.

वाचताना एक शब्द शोधा. घर ‘पूर्ण’ लिहिलंय, ‘अंशतः’ लिहिलंय की ‘झोपडी’? केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ठरवलेल्या निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या घराला, मग ते कच्चं असो की पक्कं, सपाट भागात १,२०,००० रुपये होते. अंशतः नुकसान झालेल्या कच्च्या घराला ४,०००. झोपडीला ८,०००. आता दर काय आहेत ते तहसीलला विचारून घ्या, पण या तीन शब्दांमधलं अंतर केवढं ते लक्षात आलं असेल. आपल्याकडची घरं मातीच्या भिंतीची. छप्पर, आढं, दारं, सगळं जळून जातं आणि चार भिंती काळ्या होऊन उभ्या राहतात. मग घाईत आलेला माणूस लिहितो, ‘भिंती शाबूत, अंशतः नुकसान’. त्या भिंतींवर पुन्हा छप्पर चढेल का, हे पंचायत समितीच्या अभियंत्याकडून लिहून घ्या. तसंच, कुडाच्या भिंती आणि वर कवेलू (कौलं) असलेलं घर पिढ्यानपिढ्या राहतं घर असेल तर ते झोपडीत मोजू देऊ नका. चूक झाली असेल तर तहसीलदारांच्या नावे फेरपंचनाम्याचा साधा अर्ज करा, सोबत फोटो जोडा, आणि पोच घ्या. पोच न घेतलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

गायीचं वेगळं लिहिलेलं असलं पाहिजे. त्याच निकषांत दुभत्या गायी-म्हशीला ३७,५०० होते. पण त्याला पशुवैद्यकीय दवाखान्याचा दाखला लागतो आणि गाय तर केव्हाच पुरली असेल. डॉक्टर त्या वेळी आले होते का, कानातल्या बिल्ल्याचा नंबर कुठे नोंदवलाय का, हे आत्ताच विचारा. गोठा वेगळा, कपडे वेगळे, भांडी वेगळी. कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५००, कुटुंबामागे. दोन भाऊ एका छपराखाली पण चुली आणि रेशनकार्डं वेगळी असतील तर ती दोन कुटुंबं, एक नव्हे.

आणि ज्या गाठीवर सगळं अडतं ती ही : घर कोणाच्या नावावर आहे? तलाठ्याकडचा आठ-अ म्हणजे शेतजमिनीचा खाते उतारा. घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो, घरटॅक्सचा. लोक आठ-अ नेतात आणि हेलपाटा पडतो. नमुना ८ वर बहुधा वारलेल्या सासऱ्याचं नाव निघतं. तसं असेल तर वारसांचं संमतीपत्र घेऊन पैसे एकाच्या खात्यात मागता येतात. नणंदा-दिरांच्या सह्या आत्ताच घ्या. रक्कम यायच्या आधी सह्या सहज मिळतात, रक्कम आल्यावर सगळ्यांनाच वडिलांचं घर आठवतं. जागा अतिक्रमणाची असेल तर अवघड होतं, कारण नियमात अधिकृत बांधकाम म्हटलंय. तरी घरटॅक्सच्या पावत्या, विजेची बिलं, वनहक्काचा पट्टा असेल तर तो, आणि ग्रामसभेचा ठराव, हे सगळं घेऊन तहसीलदारांना भेटा. न भेटता नाही म्हणू नका.

बाकी जळालेल्या कागदांचं फार मनावर घेऊ नका. आधार मोबाईलला जोडलेलं असेल तर पुन्हा उतरवून घेता येतं, नसेल तर केंद्रावर अंगठा देऊन. सातबारा ऑनलाइन निघतो. रेशन अंगठ्यावर मिळतं, कार्ड नाही म्हणून दुकानदाराने परत पाठवायचं कारण नाही. पोलीस ठाण्यात कागदपत्रं जळाल्याची नोंद करून तिची प्रत ठेवा, बँकेत आणि परीक्षेच्या बोर्डात उपयोगी पडते. हे सगळं करायला बहिणीपाशी वेळ नाही आणि डोकंही नाही. कंपनीतला एखादा शिकलेला पोरगा दोन दिवस सुट्टी काढून तालुक्याला बसला तर वीस चुंगड्यांपेक्षा मोठं काम होईल.

छपराचा हिशेब मृगापासून मागे मोजा. ७ जूनच्या आसपास मृग लागतो, शाळा आपल्याकडे जूनच्या शेवटी उघडते. सरकारी पैसे त्याच्या आत येतील हे धरून चालू नका. कंपनीत रोख जमली असेल तर ती टिनात घाला, आणि टिनं गोंदियातून किंवा अर्जुनीहून बहिणीच्या पसंतीने घ्या. बांबूसाठी ग्रामसभेकडे जा. गावाला सामूहिक वनहक्क असेल तर ग्रामसभा ठराव करून देऊ शकते, नसेल तर निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या घरगुती गरजेच्या, बांबूसाठी वनविभागाकडे अर्ज करा. जुने कवेलू सरसकट फेकू नका. टिचकी मारून पाहायचं, खणखणीत वाजला तो ठेवायचा, भद्द वाजला तो टाकायचा. सागवानी खांब वरून कोळसा झालेले दिसतात पण सुताराने वाकसाने तासले की आत चांगलं लाकूड निघतं. उभ्या भिंतींवर मात्र विश्वास ठेवू नका. पहिल्या मोठ्या पावसात त्या बसतात, आणि रात्री बसतात. पोरांची अंथरुणं भिंतीपासून लांब घाला. घरकुलाच्या यादीत नाव आहे का ते ग्रामपंचायतीत पाहा, आदिवासी असाल तर शबरी योजना, नवबौद्ध किंवा अनुसूचित जातीचे असाल तर रमाई योजना. पण त्याचे पैसे टप्प्याटप्प्याने, बांधकाम चढेल तसे येतात. या पावसाळ्याला त्याचा आधार नाही.

राहिले भाटवे. ज्या माणसाच्या घरून इतकी वर्षं लोक धान उसना नेत होते त्याला आता शाळेच्या व्हरांड्यात रांगेत बसून घ्यावं लागतंय. फोनवर तो काय बोलणार? त्यांना ‘देतो’ म्हणू नका, ‘उसनं घ्या’ म्हणा. आमच्याकडे दिलेलं नाकारतात, उसनं नाकारत नाहीत. परत करतील की नाही हा तुमचा प्रश्न नाही. आणि कामं त्यांना विचारून करा : टिन कुठलं, दार कोणत्या दिशेला, मोरी कुठे. कवेलू वाजवायला त्यांनाच बसवा. शहरातून आलेल्या दहा पोरांनी एका दिवसात सगळं उचलून साफ केलं आणि मालक कडुनिंबाखाली बसून बघत राहिला, असंही मी पाहिलंय. ते घर पुढे कितीतरी दिवस त्याला स्वतःचं वाटलं नाही.

प्रश्न : टिनाच्या पेटीत नोटा होत्या, धान विकल्याच्या. गड्डी काळी पडली आहे, चिकटली आहे, हात लावला की तुकडे पडतात. बँकेत घेत नाही म्हणाले. एक जण गावात येऊन अर्ध्या भावाने मागतो. देऊ का? माझी चांदीची जोडवी आणि डोरल्यातलं सोनंही त्यातच होतं.

उत्तर : देऊ नका काकू. तुमची बँक खोटं बोलली नाही. फार जळालेल्या, कडक झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या नोटा साध्या शाखेने घ्यायच्या नाहीत असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. पण त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात तपासून बदलतात, आणि आपल्या नशिबाने ते नागपुरातच आहे, संविधान चौकात. सोबत आधार, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आणि पंचनाम्याची प्रत न्या.

तोवर गड्डी उघडायची नाही, मोजायची नाही, चिकटपट्टी लावायची नाही. पेटी नेण्यासारखी असेल तर पेटीसकट न्या. नसेल तर खाली कापूस घालून स्टीलच्या डब्यात अलगद ठेवा, वरूनही कापूस, आणि बसमध्ये डबा मांडीवर. नोटेचा किती भाग अखंड उरलाय यावर किंमत ठरते. पाचशेच्या नोटेचा ८० टक्क्यांहून जास्त सलग तुकडा असेल तर पूर्ण, ४० ते ८० असेल तर निम्मी, त्याखाली काही नाही. म्हणून तुकडा पडू न देणं यातच पैसे आहेत. गावात येणारा माणूस काय करतो ते कळलं ना? तुमच्याकडून अर्ध्यात घेतो आणि नागपूरला जाऊन पूर्ण घेतो.

सोनं-चांदी वितळली तरी हरवत नाही. पेटी जिथे होती तिथली राख बायकांना गहू चाळायच्या चाळणीने चाळू द्या. काळा गोळा निघेल, तो ओळखीच्या सोनाराकडे समोर वजन करून द्या. त्या कामाला बाहेरची माणसं लावू नका, एवढंच सांगते.

प्रश्न : बाई, मी मोह वेचते. माझं घर गावात आहे, टोलीवर नाही. आग लागली त्या दिवशी पहाटे फूल वेचता यावं म्हणून मी मोहाच्या झाडाखालचा पाला पेटवला होता हे खरं आहे. विझवून, फूल वेचून मी नऊ वाजता घरी आली. आग दुपारी लागली. आता सगळे मलाच म्हणतात. ज्यांचं घर जळालं ती वहिनी बोअरिंगवर तोंड फिरवते. गावच्या बैठकीत दंड भर म्हणतात, मोहाचे सगळे पैसे त्यात जातील. मी काय करू?

उत्तर : माय, तू खरं लिहिलंस, म्हणून मीही खरंच लिहिते. तुझ्यामुळे लागली असं मी म्हणू शकत नाही, आणि लागली नाही असंही म्हणू शकत नाही. पाल्याची आग वरून विझते पण खोडाच्या बुडाशी, वाळक्या मुळीत निखारा धुमसत राहतो आणि दुपारचा वारा सुटला की उठतो. त्याच दिवशी त्याच जंगलात आणखी कोणी मोहाखाली पेटवलं असेल, कोणी तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून, कोणी वावराचा धुरा (बांध) जाळला असेल, कोणी विडी टाकली असेल. चैत्रात आपल्याकडे एकाच दिवशी एकाच बाजूला चार ठिकाणी धूर दिसतो.

बैठकीत कोणी म्हणालं असेल की सॅटेलाइटवर सगळं दिसतं. दिसतं, पण किती? डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून वनविभागाला आगीचे इशारे येतात. त्यातला बारीकातला बारीक ठिपका साधारण ३७५ मीटरचा असतो. एवढ्या जागेत मोहाची झाडं किती, तूच मोज. त्या ठिपक्यावरून आग कुठून आणि केव्हा सरकली याचा अंदाज येतो, कोणाच्या हातून लागली ते नाही.

दंड भरू नकोस. गावच्या बैठकीला तो लावायचा अधिकार नाही, आणि एकदा भरलास की तो कबुलीजबाब म्हणून जन्मभर चिकटेल. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. चौकशी करायची ती वनविभागाने करावी. वनरक्षक विचारायला आला तर घाबरून खोटं सांगू नकोस, आणि न वाचता कशावरही अंगठा देऊ नकोस. सोबत वनहक्क समितीतलं किंवा बचत गटातलं कोणी तरी असू दे.

हे झालं कायद्याचं. पण तुला खरं दुखतंय ते बोअरिंगवरचं. तिथे कायदा कामाचा नाही. सफाई द्यायला जाऊ नकोस, ती आत्ता ऐकणार नाही आणि तिने का ऐकावं? येत्या पंधरा दिवसांत त्या घरी माती कालवायचं, भिंती लिपायचं काम निघेल. चार बाया लागतील. बोलावणं यायची वाट न बघता टोपलं घेऊन जा आणि कामाला लाग. कोणी जा म्हणालं तर परत ये, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

पुढच्या वर्षी झाडाखाली जाळी अंथर, किंवा जुन्या लुगड्यांची शिवून केलेली पथारी. फूल स्वच्छ मिळतं, माती लागत नाही, व्यापारी भाव पाडत नाही. ज्या झाडाखाली जाळी पुरत नाही तिथे पाला खराट्याने ओढ. कंबर मोडते, मला ठाऊक आहे, मी केलेलं आहे लहानपणी. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना जे हंगामी मजूर मेले तेही तुझ्यामाझ्यासारख्याच घरांतले होते. आणि धूर दिसला की १९२६ या नंबरला फोन, वनविभागाचा आहे, पैसे लागत नाहीत. आधी फोन, मग फांदी घेऊन धावा.

प्रश्न : आम्ही गावातल्या पोरांनी मोबाईलवर वर्गणी मागितली, बाहेरगावच्या लोकांनी बरी रक्कम पाठवली. आता तीन घरांत सारखी वाटायची की गरजेप्रमाणे यावरून भांडण आहे. एका घरातला मुलगा नोकरीवर आहे. काही जण म्हणतात आम्ही पैसे खाल्ले.

उत्तर : रक्कम आली किती आणि गेली कुठे हे ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहा, आजच. मोबाईलवर पाठवलेला हिशेब अर्ध्या गावाला दिसत नाही, आणि न दिसलेल्यावरच लोक बोलतात. वाटणीचं म्हणाल तर निम्मी रक्कम तिघांना सारखी द्या, घर तिघांचंही जळालंय. उरलेली तिन्ही घरच्या बायकांना एकत्र बसवून कोणाला काय कमी पडतंय त्याप्रमाणे. पुरुषांना बसवलंत तर नोकरीवाल्याचा विषय निघेल आणि रात्र जाईल. ज्या घरात पुरुष मोहाच्या दारूत बुडायला लागलाय तिथली रक्कम बाईच्या खात्यात, किंवा थेट टिनवाल्याला. यात मानापमान बघू नका.

प्रश्न : मी त्या गावच्या शाळेत शिक्षक आहे, सुट्टीतही इथेच राहतो. जळालेल्या घरातला मुलगा चौथीतून पाचवीत गेलाय. तो आता आपल्याच वर्गखोलीत झोपतो. शेजारी कुणाची चूल पेटली की उठून लांब जातो. रात्री ओरडतो, अंथरूण ओलं करतो. आजी म्हणते बाहेरचं लागलंय, उतरवून घ्या. मी काय करावं?

उत्तर : गुरुजी, आजीला उतरवू द्या. त्याने बिघडत नाही, आणि आजीलाही काही करायला हवं आहे. फक्त धुपाचा धूर मुलाच्या तोंडावर नको. घरात कोणी अंथरुणावरून रागावू नये, इतक्या मोठ्या भीतीनंतर हे होतं आणि बहुतेक मुलांचं काही आठवड्यांत ओसरतं.

तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे. शाळेत रोज कोणी ना कोणी मदत घेऊन येतं, आणि प्रत्येक जण त्या पोराला समोर उभं करून विचारतो, बाळा, कशी लागली आग? मग फोटो. ते बंद करा. शाळा तुमची आहे, दारात थांबवायचा हक्क तुम्हाला आहे. मदत मुख्याध्यापकांच्या खोलीत घ्या, मुलाला त्या वेळी मैदानावर पाठवा. त्याला रोजचं एक काम द्या, झाडांना पाणी, घंटेची दोरी, काहीही, ठरलेल्या वेळेला. चुलीचं म्हणाल तर ओढून जवळ बसवू नका. वडिलांना सांगा, शेकोटीएवढी आग त्याच्यासमोर पेटवून त्याच्याच हाताने पाणी ओतून विझवू द्यायची. एकदा नको म्हणाला तर राहू द्या, चार दिवसांनी पुन्हा विचारायचं.

महिना उलटला तरी झोप नाही, बोलणं कमी झालं, जेवण सुटलं, तर गोंदियाच्या जिल्हा सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला न्या. त्याआधी बोलायचं असेल तर १४४१६ वर टेलि-मानस आहे, फुकट, रात्रीसुद्धा. तो नंबर त्याच्या वडिलांनाही द्या. तेही रात्री झोपत नसतील, मोठ्यांचं कोणी विचारत नाही.

पुस्तकं आठवीपर्यंत सरकारची मिळतातच. दप्तर, कंपास, पाण्याची बाटली मात्र वर्गातल्या सगळ्यांसमोर देऊ नका. संध्याकाळी आईच्या हातात द्या, ती देईल त्याला.